शेंडे सरांचा आगमनकाळ

शेंडे सरांची शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. एका वक्त्यानं त्यांना ‘शांतताप्रिय व्यक्तिमत्त्व’ म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या रशीदभाईंना ठसका लागला. रशीदभाईंचं आमच्या पांढरकवड्यात पंक्चरचं दुकान आहे, आणि सायकलीच्या हवेवरून शेंडे सरांचं आणि त्यांचं जितकं वाजलं, तितकं गावात दुसऱ्या कुणाचं वाजलं नसेल. मीही पदर तोंडाला लावला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं.

दानियल शेंडे भूगोल शिकवायचे. मी त्याच शाळेत मराठीला होते आणि आमची घरंही शेजारी शेजारी, चर्चच्या मागच्या गल्लीत. त्यामुळे त्यांची भांडणं मला दिवसा स्टाफरूममध्ये आणि संध्याकाळी कुंपणावरून अशी दोन्ही वेळा ऐकायला मिळत. दूधवाल्याशी पाण्यावरून, भाजीवालीशी मापावरून, नगरपालिकेच्या माणसाशी नालीवरून, आणि हेडमास्तरांशी वेळापत्रकाच्या प्रत्येक रकान्यावरून. उंच, हडकुळा माणूस, पांढरा शर्ट, वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. भांडताना ते आवाज चढवत नसत. हात मागे बांधायचे आणि नकाशासमोर उभं राहिल्यासारखे शांतपणे बोलत राहायचे, म्हणून समोरच्याचं डोकं अधिकच फिरे. वर्गातली भाषा मात्र तेव्हा गळून पडायची. “मले शिकवू नोको. दुधात दूध किती हाय, थे सांग.”

अकरा महिने हे असं चाले. नोव्हेंबर सरत आला की चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड चढायचं आणि शेंडे सरांचा आगमनकाळ लागायचा. नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती माणसानं वाट पाहण्यात घालवायचे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बाकीच्या मंडळींना एवढा धीर नव्हता. डिसेंबर लागताच कीबोर्ड, लायटिंग, मुलांचे नाच, केक, सगळं सुरू. शेंडे सर त्यात नसायचे. चोवीस तारखेची संध्याकाळ होईपर्यंत ते नाताळचं गाणं तोंडातून काढत नसत आणि गोड खात नसत. स्टाफरूममध्ये कुणी पेढे वाटले तर आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकायचे आणि पंचवीस तारखेला दातानं न तुटणारा तो दगड चघळत बसायचे. मी हसले की म्हणायचे, “हसा मॅडम. येणारा येऊन राह्यला अन् लोकं घरात लायटिंग लावून राह्यले. अरे, आधी झाडून तर घ्या.”

त्यांचं झाडणं म्हणजे काय, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. वर्षभरात ज्याच्याज्याच्याशी वाजलं असेल, त्याच्या दारात सर जायचे. हातात संत्र्यांची पिशवी. फाटकापाशी उभं राहून, हात जोडून एकच वाक्य, तेही छापील पुस्तकातल्यासारखं: “वर्षभरात माझ्याकडून आपलं मन दुखावलं गेलं असेल, तर ख्रिस्ताच्या नावानं क्षमा करावी.” समोरचा “अहो सर, राहू द्या” म्हणे, संत्री घेई, आणि सर पुढच्या दाराकडे वळत. त्या दिवसांत सकाळी संत्र्याच्या गाड्यावर ते दिसले की लोक म्हणायचे, सर निघाले.

एका वर्षी रशीदभाई म्हणाले, “सर, इस साल तो अपना झगड़ाच नहीं हुआ. संतरे कायके?”

सरांनी थोडा विचार केला. “जुलैत सायकलच्या व्हॉल्वट्यूबवरून झालतं.”

“वो तो मैं भूल गया.”

“मी नाही भुललो. तू जुनी टाकली होती.”

“नई थी सर, कसम से.”

झालं. दुकानासमोर तासभर व्हॉल्वट्यूबचा निवाडा चालला. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा संत्री घेऊन हजर. हेडमास्तरांची तऱ्हा तर आणखी वेगळी. आगमनकाळात त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सरांनी रीतसर क्षमा मागितली. हेडमास्तरांचे डोळेसुद्धा पाणावले. नाताळची सुट्टी संपली, शाळा उघडली आणि पहिल्या तासाला सर त्याच केबिनच्या दारात उभे. “तर मी काय म्हणत होतो,” असं म्हणून त्यांनी वेळापत्रक पुढे केलं.

हे सगळं मी पुष्कळ वर्षं हसत हसत सांगत आले. शोकसभेतही लोकांनी हेच सांगितलं आणि हशा मिळवला. पुढचं कुणी सांगितलं नाही, कारण ते हसण्यासारखं नाही.

सरांना एकच मुलगी, एस्तेर. बायको लवकर गेली. पोरीला सरांनी एकट्यानं वाढवलं. तिच्या वेण्या तेच घालायचे, एक वर, एक खाली, आणि त्यावर कुणी हसलं तर त्याच्याशी भांडायचे. पोर बापासारखीच उंच आणि बापासारखीच हेकट. नर्सिंग शिकली, नोकरीला लागली, आणि मिलिंदच्या प्रेमात पडली. हायवेवर शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचं मिलिंदचं दुकान आहे. मुलगा सरळ, कष्टाळू, आणि आमच्यातला, म्हणजे बौद्ध. दोघांनी यवतमाळला जाऊन नोंदणी लग्न केलं आणि गावाला लागूनच असलेल्या केळापूरला बिऱ्हाड थाटलं.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, असा नियम होता की बाहेर लग्न केलं की त्या माणसाचं नाव मंडळीतून कमी करायचं, आणि तसं उपासनेत सगळ्यांसमोर वाचायचं. नियम शेंडे सरांनीच सेक्रेटरी असताना करून घेतलेला. त्याप्रमाणे दुसऱ्यांच्या चार-पाच पोरापोरींची नावं त्यांनी वाचलीही होती.

आगमनकाळातला पहिला रविवार होता. डिसेंबरात चर्चच्या छपरावर भोंगा लावतात, त्यामुळे आमच्या गल्लीला उपासना घरबसल्या ऐकू येते. मी पोहे परतत होते. भोंग्यातून शेंडे सरांचा आवाज आला, स्वच्छ, वर्गात नद्यांची नावं सांगावी तसा: “कुमारी एस्तेर दानियल शेंडे हिनं मंडळीच्या नियमाबाहेर विवाह केल्यामुळे तिचं नाव मंडळीच्या सभासदत्वातून कमी करण्यात येत आहे.” मग थोडी खरखर झाली आणि गीत सुरू झालं. मी गॅस बंद केला. गल्लीत बायका ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. आमच्यातल्या पोराशी संसार मांडला म्हणून एका मुलीचं नाव भोंग्यावरून गावाला ऐकवलं जातं, हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर मी त्या माणसाशी बोलले नाही. स्टाफरूममध्ये ते आले की मी खिडकीकडे तोंड करून बसायची.

पुढच्या डिसेंबरात ते माझ्या फाटकाशी आले. पिशवी, जोडलेले हात, तेच वाक्य.

“असेल म्हणजे काय?” मी म्हटलं. “दुखावलंच आहे. पण माझ्याकडे कशाला आलात? केळापूरला जा.”

ते म्हणाले, “दोनदा निघालतो मॅडम. नाक्यापर्यंत जातो अन् पाय थांबतात. एकट्यानं नाही होत.”

मला त्यांची कीव आली असं नाही. मला वाटलं, चल, एकदा होऊन जाऊ दे. मी स्कूटी काढली.

एस्तेर अंगणात कपडे वाळत घालत होती. मिलिंदनं आम्हाला पाहिलं आणि लगबगीनं खुर्च्या मांडल्या. “या ना बाबा, बसा.” सर फाटकाच्या आत आले नाहीत. “एस्तेर म्हणन, तवाच येतो,” म्हणाले. ती आली, फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहिली. सरांनी हात जोडले आणि वाक्य म्हटलं.

“काय चुकलं?” तिनं विचारलं.

“तुझं मन दुखावलं गेलं असेल…”

“मन माह्यं हाय, थे मले माहीत हाय. तुमचं काय चुकलं थे सांगा.”

नकाशापुढे कधी अडखळला नाही तो माणूस, नुसते ओठ हलवत उभा होता. शेवटी म्हणाले, “नियम होता, बेटा.”

“मंग नियमालेच पाठवाचं होतं माफी मागाले,” ती म्हणाली आणि आत गेली. मिलिंदनं आणलेला चहा आम्ही उभ्यानं घेतला.

परत येताना मी त्यांना बोलायचं बाकी ठेवलं नाही. ते मागे बसून ऐकत होते. घर आल्यावर इतकंच म्हणाले, “लोकायच्या पोरायची नावं वाचली मी. माह्या पोरीचं कसं गाळू?” मी म्हटलं, “मग त्या लोकांच्याही दारात जा.” पुढच्या आगमनकाळात ते त्या दारांतही जाऊन आले. एक घर वणीला होतं, तिथंही गेले.

केळापूरची फेरी मग दरवर्षीचीच झाली. आम्ही दोघं निवृत्त झालो, त्यांचे गुडघे गेले, सायकल सुटली, पण आगमनकाळाचा एक रविवार माझ्या स्कूटीवर त्यांचा ठरलेला. फाटकाबाहेर ते, आत ती. तेच वाक्य, तोच प्रश्न. एका वर्षी चर्चच्या धर्मगुरूंवर ढकलत ते म्हणाले, “पाळकसाहेबाचाही आग्रह होता.” एका वर्षी म्हणाले, “मंडळी फुटली असती.” एस्तेर ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि म्हणायची, “हे कारण झालं बाबा. चूक सांगा.” ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती दवाखान्यात पेशंटला विचारावं तसं विचारायची. मला कधी कधी तिचाही राग यायचा. म्हातारा हात जोडून उभा आहे, घे ना बाई आत, असं वाटायचं. मग भोंग्यातला तो आवाज आठवायचा आणि मी गप्प बसायची.

मग एका वर्षी ती स्वतःहून बोलली. “भोंग्यावरून साऱ्या पांढरकवड्याले सांगतलं होतं. अन् माफी इथं फाटकात मांगता, हळूच, कोणी आयकू नये म्हणून.”

ते वाक्य सरांना लागलं. वर्षभर ते माझ्याकडे तेच बोलत राहिले. कुंपणापाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, “बरोबर हाय थिचं. जिथं बोललं तिथंच वापस घ्या लागते.” आगमनकाळ जवळ आला तसे ते कमिटीकडे गेले. कमिटीचा अध्यक्ष प्रशांत त्यांचाच विद्यार्थी. तो अदबीनं उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ज्याचं नाव कमी झालं त्यानं स्वतः पश्चात्तापाचा अर्ज द्यावा लागते. तुमचाच नियम हाय.” हे सरांनी मला सांगितलं तेव्हा मी हसले. ते हसणं चांगलं नव्हतं, पण आलं.

सरांनी तरी ऐकलं नाही. रविवारी मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते आणि भोंग्यातून त्यांचा आवाज आला. वयानं चिरका झालेला, पण त्यांचाच. “मंडळीपुढे मला एक गोष्ट सांगायची आहे. याच ठिकाणी उभं राहून मी एकदा एक नाव…” खट्. भोंगा बंद. मी मिरच्या सोडून रस्त्यावर आले. थोड्या वेळानं भोंगा पुन्हा सुरू झाला तो कीबोर्डसकट. त्या दिवशी लहान मुलांचा नाताळचा कार्यक्रम ठेवला होता, आगमनकाळ अर्धाही झाला नव्हता तरी. मुलं उड्या मारत गात होती. कुणी सांगितलं, अध्यक्षानं सरांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि बाजूच्या बायका म्हणाल्या, वय झालं आता.

सर तसेच माझ्या दारात आले. हातात पिशवी नव्हती. “मॅडम, चला,” म्हणाले.

केळापूरला फाटकाशी उभं राहून त्यांनी या वेळी हात जोडले नाहीत. ते छापील वाक्यही म्हणाले नाहीत.

“एस्तेर, त्या दिवशी पाळकसाहेब मले म्हणाले होते, तुम्ही नका वाचू सर, मी वाचतो. मीच म्हटलं, नाही, मी वाचतो. सारी मंडळी पाहून राह्यली होती. मले वाटलं, पाहा म्हणा आता, पोटच्या पोरीच्या बाबतीतही शेंडे हटला नाही. वाचून खाली आलो, लोकं उठून मले जागा देऊन राह्यले होते. मले बरं वाटलं, बेटा. छाती फुगली माह्यी. चुकलं म्हणशीन तं हे चुकलं.”

मिलिंद पाण्याचा तांब्या घेऊन अर्ध्या अंगणात थांबला होता.

“मले वाटे, तुमाले वाचाले लावलं,” ती म्हणाली. “इतके वर्ष मी याच्यावर काढले. म्हणो, वाचताना बाबाचा आवाज कापला असन.”

“नाही कापला,” सर म्हणाले.

ती फाटकाला धरून उभी होती. तिचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. मला वाटलं, आता ती रडेल, फाटक उघडेल, आणि एवढ्या वर्षांचं सारं एकदाचं सुटेल. ती रडली, पण फाटक उघडलं नाही. “जा तुम्ही आता,” म्हणाली. “मीच विचारत होती, व्हय. पण आता जा.”

परत येताना मी संतापले होते, त्यांच्यावरच. म्हटलं, “चुकलं एवढं म्हणून थांबायचं होतं. छाती फुगली हे सांगायची काय गरज होती? ती ज्या आधारावर जगत होती तोही काढून घेतलात.” मागून उत्तर आलं, “थिनं विचारलं होतं मॅडम.” पुढे हायवेचे ट्रक सुरू झाले.

त्या नाताळला ती आली नाही. नंतरही आली नाही. सरांनी मात्र भांडणं सोडून दिली. दूधवाल्यानं पांढरं पाणी घातलं तरी “राहू दे” म्हणायचे. नाली तुंबली तर स्वतः काठीनं मोकळी करायचे. रशीदभाई एकदा मला थांबवून म्हणाले, “मॅडम, सर आजकाल झगड़ते नहीं. तबियत दिखाव किसी को.” दाखवली. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. श्रावणात एका दुपारी ते खुर्चीतच गेले. पुढचा आगमनकाळ त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि कुणास ठाऊक, आला असता तरी त्यांना माझ्या स्कूटीवर बसायचं धैर्य झालं असतं की नाही.

एस्तेर दफनभूमीत आली. बाजूला उभी राहिली, पाळी आली तेव्हा पुढे होऊन माती दिली, पुन्हा बाजूला गेली. प्रशांत तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, “ताई, उद्या चर्चमध्ये सरांसाठी प्रार्थना हाय, या.” ती म्हणाली, “येतो. पहिले माह्यं नाव वाचा, भोंग्यावरून.” तो गोंधळला. म्हणाला, “कमिटीत ठेवावं लागन.” अजून ते कमिटीतच आहे.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. बोलले असते तर केळापूरहून शेवटचं परतल्यानंतरचं सांगितलं असतं, आणि ते सांगण्याची ती जागा नव्हती. त्या दिवशी मी सरांना त्यांच्या घरासमोर उतरवलं, गाडी आत घेतली, मिरच्या गोळा केल्या. सहज कुंपणाकडे पाहिलं तर सर अजून बाहेरच. स्वतःच्या फाटकासमोर उभे, हात मागे बांधलेले नाहीत, दोन्ही बाजूंना सोडलेले. घरात कुणी नव्हतं, कित्येक वर्षं नव्हतं. मी हाक मारली, “सर, आत जा ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, “आतून कोणी म्हणन, तवा.”